कॉस्टिंगमध्ये न धरलेलं

पुस्तकाचं कॉस्टिंग कसं काढायचं हे मला सांगलीतल्या एका जुन्या मुद्रकांनी शिकवलं. आधी फॉर्म मोजायचे. डेमी आकारात सोळा पानांचा एक फॉर्म, म्हणजे 160 पानांचं पुस्तक दहा फॉर्मचं. मग कागद, प्लेटा, छपाई, मुखपृष्ठ आणि त्याचं लॅमिनेशन, बाइंडिंग, अक्षरजुळणी असा सगळा खर्च मांडायचा, त्याला प्रतींच्या संख्येने भागायचं आणि आलेल्या आकड्याच्या साधारण चौपट किंमत पुस्तकावर छापायची. चौपट अशासाठी की पुस्तक वाचकाच्या हाती पोचेपर्यंत वितरक आणि विक्रेते मिळून निम्म्याच्या आसपास घेतात, लेखकाला रॉयल्टी द्यायची असते आणि काही प्रती विकल्याच जात नाहीत.

समजा, पाचशे प्रतींची आवृत्ती आहे. एका प्रतीला 65 रुपये खर्च आला आणि किंमत 250 ठेवली. 45 टक्के कमिशन गेलं की 137 रुपये 50 पैसे उरतात. दहा टक्के रॉयल्टीचे 25 रुपये वजा केले की 112 रुपये 50 पैसे. दोन वर्षांत तीनशे प्रती गेल्या, आणि आमच्यासारख्या छोट्या प्रकाशनाला हा खप वाईट नाही, तर हातात 33,750 रुपये येतात. छपाईचा खर्च 32,500. उरले 1,250. पुस्तक तरलं, असं मी म्हणायचो आणि पुढचं हस्तलिखित हातात घ्यायचो.

या हिशेबात एक रकाना नव्हता. त्या 160 पानांची प्रुफं तीन वेळा वाचली गेलेली असायची आणि तिन्ही वेळा ती माझ्या बायकोने वाचलेली असायची. बाहेरच्या माणसाला पानाला पंधरा रुपये द्यायचे म्हटले तरी एका वाचनाचे 2,400 होतात. नफा म्हणून मी वहीत जी रक्कम लिहीत होतो ती तिच्या एका वाचनाच्या मजुरीइतकीही नव्हती. गठ्ठे बांधणं, बिलं करणं, एसटीच्या पार्सल खिडकीवर जाणं, उधारीसाठी विक्रेत्यांना फोन करणं हे त्याच्या पुढचं. वीस वर्षांहून जास्त काळ मी ती वही लिहिली आणि मला हे दिसलं नाही. लेखन आणि संसार यांचा मेळ तुम्ही कसा घालता, असं कार्यक्रमांतून विचारलं जायचं. पहाटे चारला उठतो, असं मी सांगायचो. उठत होतो हे खरंच आहे. पण मेळ मी घालत नव्हतो. माझ्या पहाटेनंतरचा सगळा दिवस दुसरं कुणीतरी ओढत होतं.

मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवत होतो. पहिली कादंबरी प्रकाशकांकडून परत आली तेव्हा 1997 साली ती स्वतःच छापायचं ठरवलं. अनुदानित संस्थेतल्या शिक्षकाने स्वतःच्या नावावर व्यवसाय करायचा नसतो, म्हणून प्रकाशन बायकोच्या नावावर काढलं. आमच्या क्षेत्रात हे इतकं सर्रास चालतं की त्यात विचारण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही. शॉप ॲक्टचा परवाना, बँकेतलं चालू खातं, आयएसबीएनचा अर्ज, सगळ्यांवर खुणा करून मी कागद तिच्यापुढे ठेवले. तिने सह्या केल्या. ती दहावीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घ्यायची. आकड्यांना घाबरणारी बाई नव्हती. तिने त्या दिवशी मला काही प्रश्न विचारले असते तर मी उत्तरं दिली असती, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. विचारायचं काम माझं होतं.

1867 च्या कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव घालणं बंधनकारक केलं होतं. त्यामुळे आमच्या प्रत्येक पुस्तकाच्या श्रेयपानावर तिचं नाव आहे. कायद्याच्या दृष्टीने प्रकाशक तीच. 1954 च्या कायद्याप्रमाणे नव्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना प्रकाशकाने स्वखर्चाने पाठवायची असते. हे टाळणारे प्रकाशक मी पाहिले आहेत. आमच्याकडून ते चुकलं नाही, कारण पोस्टात ती जायची. मात्र कोणतं पुस्तक काढायचं, किती प्रती छापायच्या, कुणाची उधारी सोडून द्यायची हे मी ठरवत असे. प्रकाशन समारंभात व्यासपीठावर मी असायचो. शाल माझ्या खांद्यावर पडायची आणि ती दाराजवळच्या विक्रीच्या टेबलामागे सुटे पैसे मोजत उभी असायची. वक्ते भाषणात ‘सरांच्या प्रकाशनाने’ म्हणायचे. एकदाही उठून मी ते दुरुस्त केलं नाही.

पैशाचं अधिक स्पष्ट सांगितलं पाहिजे. मुद्रकाचं आणि कागदवाल्याचं बिल माझ्या पगारातून गेलं की त्या महिन्याचा किराणा तिच्या शिकवण्यांतून यायचा. भविष्य निर्वाह निधीतून मी दोनदा रक्कम काढली. अर्जावर कारण लिहिलं, घरदुरुस्ती. सांगलीच्या गावभागातल्या आमच्या जुन्या घरावर वर एक पक्की खोली काढायची असं लग्नापासून ठरलेलं होतं. दोन्ही वेळची रक्कम पुस्तकांत गेली. खोली झाली नाही. ही खोटी कारणं लिहिताना मला अपराधी वाटलं नाही, उलट साहित्यासाठी काही सोडल्याचा अभिमान वाटला. सोडलं होतं ते माझ्या एकट्याचं नव्हतं, एवढी साधी गोष्ट त्या अभिमानाखाली दडून गेली.

आणि मग दिवाळी अंक.

मराठी माणसाला दिवाळी अंकाचं काय आहे हे मी कुणाला सांगायला नको. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून फराळाच्या ताटाशेजारी अंक हा आपल्याकडचा सण झाला. मला त्या परंपरेत उभं राहायचं होतं. लेखकांना पत्रं मे-जूनमध्ये जायची, मजकूर ऑगस्टपर्यंत यायचा, गणपती उठले की जुळणी आणि प्रुफं, नवरात्रात छपाई. हे झालं मजकुराचं. खरा अंक जाहिरातींवर उभा असतो. पतपेढ्या, सराफ, साखर कारखाने, शिक्षणसंस्था, निवडणुकीला उभं राहू इच्छिणाऱ्यांच्या शुभेच्छा. या जाहिराती ओळखीने मिळतात आणि माझ्या ओळखी संपल्या तेव्हा मी बायकोच्या माहेरच्या ओळखी वापरल्या. सासरे एका पतसंस्थेवर संचालक होते. त्यांनी आपल्या शब्दावर पानं मिळवून दिली, मागचं मुखपृष्ठसुद्धा. पुढच्या वर्षी त्यांना संकोच वाटू लागला. मी तरीही मागत राहिलो. नंतर नंतर ते आमच्याकडे यायचे तेव्हा अंकाचा विषय निघू नये म्हणून लवकर उठायचे. माझ्या ते लक्षात यायचं आणि तरी मी विषय काढायचो.

अंकाचे गठ्ठे वसुबारसेच्या सुमाराला घरी येत. तोपर्यंत घरात चकलीच्या भाजणीचा वास असायचा, त्यात शाईचा आणि खळीचा वास मिसळायचा. बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसे. मुलगी लहान होती तेव्हा अंगणात किल्ला करायची. वाया गेलेल्या छपाईच्या कागदांचे रस्ते करायची, त्यांवर मावळे मांडायची. ‘बाबा, बघायला या’ असं ती खिडकीतून म्हणायची आणि मी ‘आलो’ म्हणायचो. अंक दिवाळीत बाजारात नसला तर पाडव्यानंतर त्याला कोण हात लावणार? म्हणून मी कोल्हापूरच्या आणि पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या विक्रेत्यांकडे स्वतः पोतं घेऊन जायचो. लक्ष्मीपूजनाला मी घरी नसे. पाडव्याला ओवाळायला बायको ताट तयार करून ठेवायची, ते मी रात्री उशिरा यायचो तोवर तसंच असायचं. भाऊबीजेला बहीण मिरजेहून यायची आणि मी पलंगावर झोपलेला असायचो. असं एखाद्या वर्षी झालं तर घरचे हसून घेतात. मी अंक काढत होतो तोवर दर दिवाळीला हेच झालं. मुलीच्या लहानपणीच्या दिवाळीचे फोटो आमच्याकडे आहेत. मी त्यांत नाही. फोटो मी काढले म्हणून नव्हे. मी तिथे नव्हतो.

अंक वाईट नव्हता. त्यात पहिल्यांदा छापले गेलेले काही जण आज नावारूपाला आले आहेत. त्याचा आनंद मला आजही आहे आणि तो लपवायचं कारण नाही. वर्षाचा एकच सण घरात मोकळेपणी होऊ द्यावा एवढं मला करता आलं असतं. अंक महिनाभर आधी काढता आला असता. तसं काढणारे होते. पण दसऱ्याच्या आधी अंक आणायचा तर उन्हाळ्याची सुट्टी त्यात घालावी लागली असती आणि उन्हाळ्याची सुट्टी मी माझ्या कादंबरीसाठी राखून ठेवली होती. म्हणजे आपला वेळ राखायला मी शिकलो होतो. तो घरच्यांच्या वेळेतून राखला.

या सगळ्यापेक्षा मोठी चूक पैशाची किंवा वेळेची नाही.

मुलगी नववीत असताना तिला रात्री भीती वाटायला लागली. दिवा चालू ठेवून झोपायची, मध्येच उठून आमच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहायची. शाळेत तिचं काहीतरी बिनसलं होतं. एका रात्री ती माझ्या टेबलाशी येऊन बसली आणि तिने मला सगळं सांगितलं. मी लिहिणं थांबवून ऐकलं. बाप म्हणून त्या रात्री मी नीट वागलो असं मला वाटतं. पण ती झोपायला गेली आणि मी नवा कागद घेतला. तिने वापरलेले शब्द ताजे होते. ते मी लिहून ठेवले. त्यातून एक ललित लेख झाला. मुलीच्या भीतीबद्दल, बापाच्या हतबलतेबद्दल. मी नाव बदललं, शाळेचा उल्लेख काढून टाकला आणि आपण सभ्यपणा पाळला असं मानलं. लेख दिवाळी अंकात घेतला. मी लिहिलेल्या सर्वांत चांगल्या पानांपैकी ती पानं होती. पत्रं आली. एका ज्येष्ठ समीक्षकांनी फोन करून कौतुक केलं.

सांगली केवढी आहे? दिवाळीची सुट्टी संपल्यावर तिच्या वर्गात एका बाईंनी त्या लेखातला उतारा मोठ्याने वाचून दाखवला. त्यांचा हेतू चांगलाच होता. वर्गातल्या मुलीच्या वडिलांनी किती सुंदर लिहिलं आहे हे त्यांना दाखवायचं होतं. मुलगी घरी आली आणि दप्तर खाली न ठेवता माझ्यापुढे उभी राहिली.

“बाबा, ते मी तुम्हाला सांगितलं होतं.”

मी तिला समजावू लागलो. लेखक जगण्यातूनच लिहितो, कुणाचं तरी दुःख हलकं होतं, वाचणाऱ्या दुसऱ्या मुलींना धीर येतो. हे सगळं मी चौदा वर्षांच्या मुलीला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. त्यानंतर ती मला काही सांगायला माझ्या टेबलाशी आली नाही. दहावीत नाही, कॉलेजात नाही, पहिली नोकरी सोडली तेव्हा नाही. घरात हसणं-बोलणं होतं, वाढदिवस होते, भांडणंसुद्धा होती. पण आतली गोष्ट ती आईला सांगायची आणि आईला बजावायची की बाबांना सांगू नकोस, ते लिहितील.

तिचं ते वाक्य मला खूप उशिरा कळलं. बायकोने इतकी वर्षं ते पोटात ठेवलं होतं.

लेखकाच्या स्वातंत्र्याबद्दल मी आजही कच खाणार नाही. सत्तेबद्दल, धर्माबद्दल, जातीबद्दल लिहिताना कुणाची परवानगी मागायची नसते. पण ती सगळी आपल्यापेक्षा बलवान आहेत. माझ्या घरातली नववीतली मुलगी माझ्यापेक्षा बलवान नव्हती. तिच्याजवळ छापायला अंक नव्हता, उत्तर द्यायला पान नव्हतं. संपादक मीच, प्रकाशक मीच, बापही मीच. अशा ठिकाणी थांबवणारं बाहेरचं कुणी नसतं, म्हणून आतून थांबावं लागतं. दुसऱ्या कुणी असा लेख पाठवला असता तर ‘मुलीला दाखवला का’ असं मी संपादक म्हणून विचारलं असतं. स्वतःला विचारलं नाही.

मराठीत लेखकांच्या घरच्यांच्या बाजूने लिहिलेलं कमी नाही, आणि मी ते सगळं वाचलं होतं, ही गोष्ट मला जास्त लागते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग 1934 साली आला. त्यातले उतारे मी वर्गात शिकवले. न सांगता घरातून निघून जाणाऱ्या कवीच्या बायकोने घर कसं सांभाळलं यावर मुलं हसायची, मीही हसायचो, आणि मग लक्ष्मीबाईंच्या भाषेची थोरवी सांगायचो. सुनीता देशपांड्यांचं ‘आहे मनोहर तरी’ 1990 साली आलं तेव्हा आमच्या मित्रमंडळात केवढे वाद झाले. पुलंवर अन्याय झाला का, हा आमचा मुख्य प्रश्न होता. करार, रॉयल्ट्या, मुद्रितं, येणारीजाणारी माणसं या सगळ्या व्यापात एका बुद्धिमान बाईची वर्षं कशी गेली, हा प्रश्न पुस्तकात समोर होता आणि आम्ही त्याला वळसा घालून गेलो. यशोदा पाडगावकरांचं ‘कुणास्तव कुणीतरी’ वाचलं, त्यावर एका नियतकालिकात परीक्षणही लिहिलं. परीक्षण लिहिताना शेजारच्या खोलीत माझी बायको माझ्याच कादंबरीची दुसरी प्रुफं वाचत होती. या पुस्तकांतले नवरे मोठे होते, प्रसिद्ध होते. त्यांच्याशी आपला काय संबंध, असं मी धरून चाललो. मला तर वाटतं, लहान लेखकाच्या घरात ही झीज जास्तच होते. मोठ्या लेखकाच्या घरी निदान पुस्तकं खपतात.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा चढू लागली तेव्हा गावभागातल्या सगळ्यांनी तेच केलं जे मी केलं. 2005 चं पाणी भिंतीवर कुठवर आलं होतं ती खूण पाहिली आणि सामान त्याच्या वर ठेवलं. आमच्याकडे वरची खोली नव्हती. एक माळा होता. मी आणि शेजारचा मुलगा मिळून पुस्तकांचे गठ्ठे माळ्यावर चढवत राहिलो. शिवाय त्या वर्षीच्या दिवाळी अंकाचा आलेला मजकूर, संगणक, हिशेबाच्या वह्या. माळा भरला. बायकोची सतार होती, मिरजेत बनवून घेतलेली. लग्नाआधीपासून ती वाजवायची. तिची रियाजाची खोली गठ्ठ्यांनी भरली तेव्हापासून वाजवणं कमी होत गेलं होतं, पण आठवड्यातून एकदा तरी ती खोळ काढून तारा लावायची. माळ्यावर जागा उरली नाही म्हणून मी सतार कपाटावर आडवी ठेवली, 2005 च्या खुणेच्या बरीच वर. बायको आईला घेऊन विश्रामबागेत नातेवाइकांकडे निघून गेली होती. जाताना ‘सतार वर ठेवा’ म्हणाली होती.

आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. 2005 ची खूण खालीच राहिली. सांगली नगर वाचनालयातले हजारो ग्रंथ त्या पाण्यात गेले. त्याचं दुःख सगळ्या गावाला झालं. आमच्या घरात माळ्यावरचे गठ्ठे कोरडे राहिले. कपाट पाण्यात उलटलं होतं. सतारीचा भोपळा मऊ पडला होता, तबली उचकटली होती. मिरजेच्या कारागिरांनी हात लावून पाहिलं आणि दुरुस्तीपेक्षा नवी करा असं सांगितलं. माळ्यावर कोरडे राहिलेले गठ्ठे हे न विकल्या गेलेल्या प्रतींचे होते.

आणि पुरानंतर मी काय केलं? अंक काढला. महापूर विशेषांक. घराला चिखलाचा थर, भिंतींना ओल, गॅसची शेगडी बंद, आणि मी विश्रामबागेतल्या त्या नातेवाइकांच्या गॅलरीत बसून लेखकांना फोन करत होतो. गावभागातलं घर बायको आणि पुण्याहून आलेली मुलगी धूत होत्या. फिनेल टाकून पुन्हा पुन्हा. अंक दिवाळीला वेळेवर आला, त्याची दखल घेतली गेली. माणसांच्या जिद्दीवर मी संपादकीय लिहिलं होतं. ते मी आता वाचू शकत नाही.

दुसऱ्या वर्षी टाळेबंदी आली. जाहिराती आल्या नाहीत, अंक बंद पडला. मी निवृत्तही झालो होतो. त्या उन्हाळ्यात बायकोने प्रकाशनाच्या वह्या काढल्या आणि प्रत्येक पुस्तकासमोर पेन्सिलीने आकडे लिहायला सुरुवात केली. प्रुफांची पानं, पॅकिंगचे तास, पोस्टाच्या फेऱ्या. शिकवण्यांचा तासाचा जो दर तिला मिळायचा त्याच्या निम्मा दर तिने लावला होता. वह्या संपल्यावर तिने बेरीज केली आणि वही माझ्यापुढे सरकवली. मी भविष्य निर्वाह निधीतून काढलेल्या दोन्ही रकमांपेक्षा ती बेरीज मोठी होती. मला वाटलं, आता ती म्हणेल की मला पैसे नकोत, फक्त तुम्हाला कळायला हवं होतं. आपल्या कथांतल्या बायका असंच म्हणतात; माझ्या दोन कथांतल्या म्हणाल्या आहेत. ती म्हणाली, “हे द्यायला हवेत. एकदम जमणार नाहीत, हप्त्याने द्या.”

मी हप्त्याने देतो आहे, निवृत्तिवेतनातून. सतार तिने पुन्हा घेतली नाही. बोटं आता तशी वळत नाहीत म्हणते.

प्रकाशन बंद केलेलं नाही. ते तिच्या नावावर आहे आणि आता ते तीच चालवते. हस्तलिखितं ती वाचते, निवड तिची असते, मी मागितला तर सल्ला देतो. कॉस्टिंगच्या कागदावर मुद्रितशोधन आणि घरची मजुरी असे दोन रकाने सुरुवातीलाच येतात. ते धरल्यावर पुष्कळ पुस्तकं बसत नाहीत. ज्यांची बसत नाहीत त्यांना आम्ही तसं कळवतो. पूर्वी मी वर्षाला सात-आठ पुस्तकं काढायचो, आता दोन निघतात. संख्या घटली म्हणून मित्र हळहळतात. मी हळहळत नाही. त्या सात-आठांतली पाच-सहा कुणाच्या जिवावर निघत होती ते मला माहीत आहे. माझी नवी कादंबरी गेल्या वर्षी तिने वाचून परत दिली. मधला तिसरा भाग सैल आहे म्हणाली. तो सैल आहेच.

मुलीशी एकदा बोललो. त्या लेखाबद्दल माफी मागितली, कारणं न देता. ती म्हणाली, ठीक आहे. आतली गोष्ट ती अजून आईलाच सांगते. ललित लेखांच्या संग्रहाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा तो लेख मी वगळला. हे लिखाण छापायला देण्याआधी दोघींना दिलं. बायकोने आकडे तपासले. मुलीने दोन वाक्यं काढायला सांगितली, ती काढली आहेत. ती दोन्ही वाक्यं चांगली होती.

माझ्यासारखे पुष्कळ आहेत. तालुक्याच्या गावांतून, पगाराच्या किंवा पेन्शनच्या पैशांतून, घराच्या पुढच्या खोलीतून मराठी पुस्तकं आणि दिवाळी अंक काढणारे. त्यांच्याशिवाय मराठीत नवा लेखक छापला जाणं अवघड आहे, आणि त्यांनी हे काम सोडू नये असंच मला वाटतं. त्यांना एवढीच विनंती. यंदाचा अंक किंवा पुस्तक छापायला जाईल तेव्हा घरात ज्याने प्रुफं वाचली त्याचं नाव ‘मुद्रितशोधन’ असं लिहून श्रेयपानावर छापा, आणि मुद्रकाचं बिल द्याल त्याच दिवशी त्याचेही पैसे द्या.